सुनेच्या थेरपीत सासूला बसवणारा मेसेज

‘ऑनलाइन थेरपी : लुटीचा नवा धंदा’ या मथळ्याचा, पाच मुद्द्यांचा मेसेज आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरून झाला. एरवी मी डिलीट करून मोकळी झाले असते. पण तो माझ्या मामेबहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी तो तंतोतंत पाळला. तेव्हा आता ऐका.

‘स्क्रीनवर मन कळत नाही, गुण शून्य.’ स्वीडनच्या पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली अशा २० चाचण्या एकत्र तपासल्या, ज्यांत समोरासमोरची सीबीटी (त्रास देणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि थेरपिस्टच्या देखरेखीखालची इंटरनेटवरची सीबीटी यांची थेट तुलना होती. नैराश्य, पॅनिक, चारचौघांत वाटणारी भीती अशा त्रासांत दोन्हींचा गुण जवळपास सारखाच निघाला. आता, त्या चाचण्यांत ठरलेले धडे होते, गृहपाठ होता आणि तो बघणारं माणूस होतं. म्हणून कुठलंही ॲप टाकलं की काम झालं, असं नाही. पण हे ‘शून्य’ कुठून आलं?

‘झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लावतात.’ थेरपिस्ट गोळ्या देतच नाही. त्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात, आणि अमली पदार्थ कायद्यातली औषधं ऑनलाइन लिहून द्यायला २०२०च्या टेलिमेडिसिन नियमावलीत मनाई आहे. पुढे.

‘तुमची माहिती विकतात.’ इथे मात्र गप्प बसावं लागतं. अमेरिकेत बेटरहेल्प या बड्या कंपनीने ग्राहकांचे ई-मेल आणि प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ साली ठेवला आणि ७८ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून नाव नोंदवण्याआधी माहितीचं काय करता, हे विचाराच.

आता चौथा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं : ‘बाईमाणसाला थेरपीत एकटं बसू देऊ नये, संसार मोडायला शिकवतात. घरच्यांनी शेजारी बसावं.’ सासूबाई बहिणीशेजारी बसल्या. पलंगाच्या कडेला, मांडीवर सूप घेऊन, लसूण सोलत. मोबाइलवरून थेरपिस्ट विचारतेय, झोप लागते का? हो. रडू येतं का? नाही. घरी सगळं ठीक? हो, सगळे खूप सांभाळून घेतात. सबंध तास असाच गेला, पैसे भरून. पुढचा बहिणीने रद्द केला, आणि घरात निष्कर्ष निघाला, ‘बघा, काही उपयोग नाही!’ अहो, उपयोग होणार कसा? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २३ वाचा. उपचारांबाबत गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि सासू त्याला अपवाद नाही.

ऑनलाइन आपल्याला जमेल का, हे ठरवताना नेटचा स्पीड नंतर बघा, आधी घरात कडी लागणारी खोली आहे का ते बघा. नसेल तर गच्ची, उभी गाडी, काम सुटल्यावरचं ऑफिस, मैत्रिणीचं घर. यातलं काहीच नसेल तर एसटीचा हेलपाटा परवडला, दवाखान्याला निदान दार तरी असतं. बहिणीला मी तेच सांगितलंय.

पाचवा, ‘कुणीही उठून समुपदेशक होतो.’ अर्धं खरं आहे, चिडचिड होते पण खरं आहे. उपाय मात्र सोपा : पदवी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याला सोडा.

मेसेजवाल्याने जे लिहायला हवं होतं, ते लिहिलंच नाही. कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, दारू अचानक सोडल्यावर हातपाय थरथरत असतील, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर आठवड्याच्या व्हिडिओ कॉलवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा. रात्रीअपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही फोन हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलंय, चोवीस तास चालतं, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.