ब्रान्को 'पळाला' म्हणणाऱ्यांसाठी

सकाळीच डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो. आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने इराणच्या पर्सेपोलिस क्लबच्या आजवरच्या कोचेसची लांबलचक यादी टाकली आणि खाली लिहिलं, "तेहरानचा क्लब आहे का धर्मशाळा?" त्यावर ढीगभर हसणारे इमोजी. इथपर्यंत ठीक होतं, मी पण हसलो असतो. पण मग दुसरा एक विद्वान आला आणि म्हणाला, "तो ब्रान्को पण शेवटी पैशासाठी सौदीला पळालाच ना."

पळाला म्हणे!

अरे बाबा, ज्या कोचने पर्सेपोलिसला सलग तीनदा इराणची लीग जिंकून दिली, २०१६-१७, २०१७-१८, २०१८-१९, त्या माणसाचा पगार क्लबने थकवला होता. थोडाथोडका नाही. ब्रान्को इवान्कोविचने फिफाकडे दाद मागितली आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पळालेल्या माणसाला फिफा पैसे द्यायला लावते का? पण नाही, यादी वाचायची, नावं मोजायची आणि हसायचं.

मी एवढा का चिडतोय ते मला मस्कतपासून ओळखणाऱ्यांना कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. मी तिकडे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होतो, नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. पगार थकायला लागला. आधी अकाउंट्सवाला म्हणाला बँकेचा प्रॉब्लेम आहे, मग म्हणाला क्लायंटचं पेमेंट अडकलंय, मग तर नुसतं इन्शाल्ला. साइट मात्र चालू, काँक्रीटच्या गाड्या वेळेवर, आमच्या हजेरीत दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तर मेमो. आमच्यात एक इराणी सर्व्हेअर होता, वयाने माझ्या बापाच्या जवळपास, सगळे त्याला आगा म्हणायचो. तेहरानच्या दक्षिण भागातला माणूस, पक्का पर्सेपोलिसवाला, लाल मफलर ओमानच्या उन्हात पण गाडीत मागच्या काचेला लावलेला. मला हा क्लब त्याने शिकवला. त्यामुळे ही यादी माझ्यासाठी नुसती नावं नाहीत.

२०१७ च्या ऑक्टोबरात आगा मला बौशरच्या सुलतान काबूस स्टेडियमवर घेऊन गेला. इराण-सौदीचे संबंध २०१६ ला तुटलेले, त्यामुळे सौदीच्या टीमशी मॅच असली की पर्सेपोलिसची होम मॅच मस्कतला व्हायची. एशियन चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, समोर अल हिलाल, आणि अबू धाबीतली पहिली लेग ४-० ने हरून आलेले. म्हणजे संपलेलीच केस. २-२ झाली, बाहेर पडले. मी आपला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वाढलेला माणूस, मला वाटलं आता कोचच्या नावाने शिव्या सुरू होणार. आगा म्हणाला, याला अजून चार वर्षं द्या. मी म्हटलं चार नोटिसांनंतर आपल्याला एक पगार देत नाहीत, त्याला चार वर्षं कोण देतंय.

बरं, आता यादी वाचायचीच असेल तर नीट वाचू.

क्लब १९६३ चा, अली अब्दो नावाच्या बॉक्सर माणसाने काढलेला. १९६७ ला शाहीन क्लब बंद पाडला गेला, तेव्हा तिथली पोरं इकडे आली, सोबत परवीझ देहदारी आला आणि खरा पर्सेपोलिस तिथून सुरू झाला. आणि लगेच दोन वर्षांनी काय झालं माहितीये का, १९६९ ला जवळजवळ अख्खी टीम उठून पैकान क्लबमध्ये गेली, कारण पैकानच्या मागे मोटारी बनवणारी कंपनी होती आणि तिच्याकडे पैसे होते. वर्षभराने परत आले. म्हणजे 'पैशासाठी पळाला' हा प्रश्न ब्रान्कोच्या जन्मापासूनचा नसला तरी क्लबच्या जन्मापासूनचा नक्की आहे. तेव्हा गेलेल्या पोरांना आज तेहरानमध्ये कोणी गद्दार म्हणत नाही, होमायून बेहझादीला तर डोक्यावर घेतात, कारण १९७३ च्या तेहरान डर्बीत ताजला, म्हणजे आजच्या एस्तेघलालला, ६-० ने हाणलं त्यात त्याची हॅटट्रिक होती. तेव्हा कोच होता ॲलन रॉजर्स, इंग्लिश माणूस. त्या ६-० वर आगा तास तास बोलायचा, स्वतः तेव्हा लहान पोरगा असूनसुद्धा.

मग अली परवीन. सुलतान! खेळाडू, कॅप्टन, मग कोच, १९८० च्या दशकात कोच, युद्धाच्या काळात कोच, क्लबचं नाव बदलून पिरूझी झालं तरी कोच. १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये इराणला गोल्ड त्याच्याच हाताखाली, पर्सेपोलिसला एशियन कप विनर्स कप त्याच्याच हाताखाली, आणि २००१-०२ ची पहिली प्रोफेशनल लीग पण त्याचीच. ज्यांना धर्मशाळा दिसते त्यांनी हे नाव यादीत कुठून कुठपर्यंत पसरलंय ते बघावं. बरं, मान्य, परवीन असताना क्लब म्हणजे त्याचं घर झालं होतं आणि दुसऱ्या कोणाला श्वास घेणं अवघड होतं. मान्य. पुढे.

२००८ वर मात्र मी कोणाला हसू देणार नाही. अफशीन घोत्बी, तेराव्या वर्षी इराण सोडून अमेरिकेला गेलेला, इंजिनिअर झालेला, २००२ च्या वर्ल्ड कपला कोरियाच्या स्टाफमध्ये असलेला माणूस. परत आला आणि पर्सेपोलिस घेतला. त्या सीझनला फिफाने क्लबचे सहा पॉइंट कापले. का? जुनी देणी! आधीच्या लोकांचे पैसे बुडवले, त्याची शिक्षा आत्ताच्या कोचला आणि पोरांना. तरीही शेवटच्या मॅचला आझादी स्टेडियम गच्च भरलेलं, समोर सेपाहान, जिंकलो तरच चॅम्पियन, आणि ९६ व्या मिनिटाला सेपेहर हैदरीचा गोल. २-१. आगाच्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता, पगार थकलेल्या महिन्यांत रोज रात्री कॅम्पच्या कट्ट्यावर तो लावायचा, आवाज फुल, शेजारचे केरळवाले वैतागायचे. आणि घोत्बीचं काय झालं? पुढच्या सीझनला नोव्हेंबरातच बाहेर.

त्यानंतर २०१५ पर्यंत जे झालं ती खरी तुमची धर्मशाळा, ते मी नाकारत नाही. विंगादा, क्रान्यचार, अली दाई, एस्तिली, देनिझली, मानुएल जोझे, गोलमोहम्मदी, परत दाई, दरख्शान. अली दाईने दोन हाझफी कप (इराणचा नॉकआउट कप) तरी दिले. बाकी काय, मंत्रालयाने डायरेक्टर बदलला की डायरेक्टरने कोच बदलायचा. लक्षात घ्या, क्लब क्रीडा मंत्रालयाच्या ताब्यात होता, आणि समोरचा एस्तेघलाल पण त्याच मंत्रालयाच्या ताब्यात! डर्बीतल्या दोन्ही टीमचा मालक एकच. पगार थकला तर जाब विचारायचा कोणाला, मंत्रालयाला? आमच्या कंपनीत निदान मालकाचं तोंड तरी दिसायचं, गाडीतून उतरताना.

आणि अशा ठिकाणी २०१५ च्या एप्रिलमध्ये ब्रान्को आला. सुरुवात वाईट झाली. मग ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी कॅप्टन हादी नोरूझी झोपेत हार्ट अटॅकने गेला, तिशीतला पोरगा. त्या ड्रेसिंग रूममध्ये दुसऱ्या दिवशी जाऊन ट्रेनिंग घ्यायची म्हणजे काय असेल, मी कल्पना करू शकत नाही. त्या सीझनला लीग गेली ती फक्त गोल डिफरन्सवर, एस्तेघलाल खुझेस्तान नावाच्या दुसऱ्याच क्लबकडे. पुढची तीन वर्षं मात्र कोणाला हात लावू दिला नाही. त्यातच स्ट्रायकर मेहदी तारेमीच्या तुर्कस्तानच्या क्लबशी झालेल्या कराराच्या भानगडीवरून फिफाने दोन ट्रान्सफर विंडोंची बंदी घातली, म्हणजे नवीन खेळाडू घ्यायचाच नाही, आहे त्यात भागवा. बेंचवर बघावं तर पोरंटोरं. आणि त्या टीमला घेऊन हा माणूस २०१८ ची एशियन चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला! काशिमाला २-० हरले, आझादीत ०-०, कप जपानला. त्या मॅचला, एरवी बायकांना बंदी असताना, काहीशे बायकांना स्टेडियममध्ये सोडलं होतं, फिफाचा अध्यक्ष आला होता म्हणून. आगाने पोरीला फोन लावला, ती घरीच होती, तिचा नंबर नव्हता लागला. त्याला हरल्याचं जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं या गोष्टीचं वाटलं. जाऊ दे, तो वेगळाच विषय आहे आणि त्यावर लिहायला लागलो तर मी थांबणार नाही.

२०१९ च्या जूनमध्ये ब्रान्को गेला तेव्हा आमचा पण पगार थकलेला होता. तेव्हाच. तेहरानमधले काही पेपरवाले आणि ऑनलाइन वाघ हेच म्हणत होते, पैशासाठी गेला. मी आगाला मुद्दाम डिवचलं, बघ तुझा प्रोफेसर गेला सौदीला. आगा म्हणाला, तुझे किती महिने थकलेत? मी आकडा सांगितला. म्हणाला, उद्या शेजारच्या कंपनीने बोलावलं तर? मी गप्प. आणि दोन महिन्यांत मी खरंच गेलो. राहिलेले पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. आणि गावाकडे काय ऐकायला मिळालं? "याचं कुठं टिकतच नाही." सख्ख्या मामाने म्हटलं, लग्नात, पंगतीत, वाढप्यासमोर. म्हणून हा 'पळाला' शब्द मला इतका लागतो, कळलं का आता.

सॅन्क्शन्समुळे इराणमधून युरो बाहेर पाठवणं अवघड आहे, हे मलाही माहितीये. आणि हो, ब्रान्कोचा थकलेला पगारसुद्धा त्या स्टेडियममधल्या कुठल्याही साध्या माणसाच्या कमाईपेक्षा जास्तच असेल. असेल. म्हणून बुडवायचा?

कारण तो एकटा नाही हो! त्याच्या जागी काल्देरोन आला, अर्जेंटिनाचा, टीम वर होती, पैशाच्याच कटकटीवरून अर्ध्या सीझनला गेला. त्याच सुमारास समोर एस्तेघलालचा स्ट्रामाच्चोनी, इटालियन, तोही पगारावरूनच गेला आणि तिथले फॅन रस्त्यावर आले, कोचच्या बाजूने, क्लबच्या विरोधात. फॅनला कळतं. आपल्या ग्रुपवरच्यांनाच कळत नाही. अजून काय पाहिजे, २०२२ ला एएफसीने, म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेने, क्लब लायसन्सवरून पर्सेपोलिस आणि एस्तेघलाल दोघांनाही चॅम्पियन्स लीगच्या बाहेर काढलं, दोनच वर्षांपूर्वी फायनल खेळलेला क्लब!

याह्या गोलमोहम्मदीबद्दल मी मऊ आहे, सांगून टाकतो. क्लबचाच जुना डिफेंडर, काल्देरोनच्या जागी २०२० च्या जानेवारीत आला आणि लीग पूर्ण करून दिली, पुढची पण जिंकली, २०२२-२३ ला लीग आणि हाझफी कप दोन्ही. गोव्याच्या मित्रांना तो आठवत असेल, एप्रिल २०२१, फातोर्डा, रिकामं स्टेडियम, एदू बेदियाने हेडर मारून एफसी गोवाला पुढे नेलं आणि पणजीपासून काणकोणपर्यंत लोक टीव्हीसमोर ओरडले. मग २-१ हरलो, तीन दिवसांनी ४-०. तेव्हा माझा एक पेडण्याचा मित्र म्हणाला होता, यांचा कोच साइडलाइनला ओरडतच नाही रे. तोच हा. तोही २०२४ ला मध्येच राजीनामा देऊन गेला आणि त्याचाच असिस्टंट ओस्मारने लीग जिंकली, मग तो पण थायलंडला.

आता कोणीतरी कमेंटमध्ये टाकेलच की २०२४ ला क्लब मंत्रालयाकडून बँकांकडे गेला, तरी गारिदो, कार्ताल, हाशेमियान अशी रांग लागलीच, मग तुझी पगाराची थिअरी गेली कुठे. बरोबर आहे, इथे माझ्याकडे उत्तर नाही. घाई आहे, प्रेशर आहे, लाखो लोकांना दर वर्षी कपच पाहिजे. पण सवय सरकारी बापाकडून लागलेली आहे, ती बँकेच्या दत्तक बापाकडे लगेच जाणार नाही, असं आपलं माझं मत.

ब्रान्को पुढे ओमानचा नॅशनल कोच झाला, मार्च २०२१ ला दुबईत आपल्याशी १-१ पण खेळला, मनवीर सिंगचा गोल. मी तोपर्यंत पुण्यात. आगाचा मेसेज आला, "प्रोफेसर आता इथे आहे, वेळेवर पगार घेतोय." मी विचारलं तुझा? तर त्याने नुसता अंगठा पाठवला, आता तो हो म्हणून होता का इन्शाल्ला म्हणून, आगालाच माहीत.

ज्याने यादी टाकली त्याला टॅग करत नाही, त्याचा मान ठेवतो. ज्याने 'पळाला' लिहिलंय त्याने ते डिलीट करावं, आणि कमेंटमध्ये मेसी-रोनाल्डो कोणी आणू नका, ब्लॉक करेन.