‘ओपनची दहावी रद्द झाली’ म्हणे! विशेष शाळांवरच्या त्या मेसेजला उत्तर

दहावीचे निकाल लागले की दरवर्षी काहीतरी फिरतंच. यंदा नाशिकच्या ग्रुपांवर जे फिरतंय ते माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोचलं, म्हणून हा सगळा खटाटोप. तिचा मुलगा इथल्या एका विशेष शाळेत आहे आणि ओपनमधून, म्हणजे मुक्त विद्यालयातून, दहावीला बसायची तयारी करतोय. मेसेज वाचून ताईनं रात्री फोन केला आणि विचारलं, "त्याचा फॉर्म भरू की राहू देऊ गं?" माझी बहीण भोळसट नाही, बँकेत हिशेब बघते. मेसेजच असा रचलाय की भलाभला माणूस गांगरावा.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी, शुद्धलेखन सुधारून, तो असा: "नाशिककरांनो, जागे व्हा! विशेष शाळांचा १०० टक्के निकाल म्हणजे १०० टक्के फसवणूक. १) तिथे पेपर रायटरच सोडवतात. २) वर २० मार्क फुकट मिळतात. ३) ओपन स्कूलची दहावी सुप्रीम कोर्टाने रद्द केली आहे, दाखला कुठेच चालत नाही. ४) खोटे सर्टिफिकेट काढून ही मुलं आपल्या मुलांच्या जागा घेतात. ५) आपलं मूल अशा शाळेत असेल तर लगेच काढा, साध्या शाळेत घाला, आठवीपर्यंत कोणी नापास करत नाही. पुढे पाठवा."

पहिल्या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण त्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय.

ज्यानं हे लिहिलं त्यानं रायटर, म्हणजे दिव्यांग परीक्षार्थी सांगेल ते उतरवून घेणारा लेखनिक, कधी जवळून पाहिलेला नाही. दहावीच्या परीक्षार्थीचा लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे बहुतेक वेळा नववीतलं पोर. त्यासाठी आधी शाळेमार्फत अर्ज करायचा, मंडळाची परवानगी घ्यायची, आणि पेपरभर पर्यवेक्षक समोर असतातच. आता सांगा, ज्यानं दहावीचं पुस्तक अजून उघडलेलं नाही तो दहावीचा पेपर कसा ‘सोडवणार’?

माझी लेक नववीत असताना एका दृष्टिहीन मुलीची रायटर म्हणून बसली होती. भूगोलाच्या पेपरहून घरी आली ती तोंड पाडून. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील अशी तुलना आहे. त्या मुलीनं ब्राझीलची राजधानी सांगितली रिओ द जानेरो. माझ्या लेकीला ब्राझीलिया माहीत होतं, क्विझच्या पुस्तकात वाचलेलं. पण सांगितलं तेच लिहायचं, भुवईसुद्धा उंचवायची नाही, हे तिला बजावलेलं होतं. तिनं रिओ लिहिलं. "आई, माझ्याच हातानं चुकीचं लिहिलं गं," हे पालुपद रात्रीपर्यंत चालू होतं. दुसरीकडे त्याच मुलीनं एका मोठ्या उत्तराला हिला घाम फोडला होता. "मागचं वाक्य वाच. ‘म्हणून’ खोड, ‘त्यामुळे’ लिही. आता नवा मुद्दा, आकडा टाक." अख्खं उत्तर डोक्यात मांडून ठेवायचं, दुसऱ्याच्या हाताच्या वेगानं सोडायचं आणि कुठवर आलो ते विसरायचं नाही. डोळस मुलांपैकी कितींना हे जमेल, मला शंका आहे.

आणि दिव्यांग परीक्षार्थींना मिळणारा तो जादा वेळ? तासाला किमान २० मिनिटं. भूगोलाच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. सांगणं, लिहिणं, परत वाचून घेणं यात ती कशी गेली ते पोरींना कळलंही नाही.

ही सवलत कुणा हेडमास्तरांच्या दयाबुद्धीतून आलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम १७ वाचा: परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करायचे, जादा वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची, हे सरकारवर बंधनकारक आहे. त्यावरही ज्यांचं समाधान होत नाही त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल वाचावा. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे, पण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. ‘सवलत दिली तर गैरवापर होईल’ ही भीती तिथेही पुढे केली गेली. न्यायालयानं ती मानली नाही. दिव्यांगांकडे आधीच संशयानं बघणं चूक आहे असं सांगितलं, लेखनिकाचा हक्क ४० टक्क्यांच्या आतल्यांनाही आहे असा निर्णय दिला आणि गैरवापर रोखायचे नियम सरकारनं करावेत असं म्हटलं. आपला फॉरवर्डवाला जो संशय घेऊन आलाय, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तपासून, फेटाळून झालेला आहे.

रायटरच्या आडून कधी काही गैर घडतच नाही, असा माझा दावा नाही. परीक्षा आली की कॉपी आली. पण महाराष्ट्रात दरवर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं, भरारी पथकं फिरवावी लागतात, ती काय विशेष शाळांसाठी?

दुसरा मुद्दा, २० गुण. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. राज्य मंडळाच्या दहावीत दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात, २० पर्यंत. पण ते उत्तीर्ण होण्यापुरते. पंधरा-वीस मार्कांवर अडकलेलं मूल काठावर येतं. सत्तरचे नव्वद होत नाहीत. गणित अजिबात झेपत नसेल तर सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभव घेण्याचीही सोय केलेली आहे. आता ज्यांना ‘फुकट’ हा शब्द फार टोचतोय त्यांनी घरातल्या गुणपत्रिका काढून बघाव्यात. इंटरमिजिएट चित्रकलेचे, लोककलेचे, खेळाचे वाढीव गुण कुणाच्या टक्केवारीत धरले जातात? ते उत्तीर्ण होण्यापुरते नसतात बरं, थेट टक्का वाढवतात. शंभर टक्केवाल्यांचे पेढे आपण खाल्लेच की त्या जोरावर.

आता त्या ‘१०० टक्के निकाला’बद्दल. इथे मला शाळांचाही राग येतो. तीन मुलं बसली, तीन पास झाली, की चौकात फ्लेक्स: ‘यशाची उज्ज्वल परंपरा, निकाल १०० टक्के’. तीन जणांचे टक्के कसले काढता? असले फ्लेक्स लावले की असले मेसेज येणारच. पण टक्केवारीचा खेळ शिकवला कुणी? कच्च्या मुलाला नववीत ‘तू बाहेरून बस’ म्हणत १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून आपला निकाल स्वच्छ ठेवणाऱ्या साध्या शाळा सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यावर मेसेज नाही फिरत.

शिवाय ‘विशेष शाळा’ अशी एकच एक गोष्ट नसते. मूकबधिर किंवा अंध मुलांच्या शाळांतली मुलं राज्य मंडळाचीच दहावी देतात. आपल्या नाशिक विभागीय मंडळाकडे नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार हे चार जिल्हे आहेत आणि या मुलांचे पेपर इतरांच्याच गठ्ठ्यांत जातात. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत बहुतेकांना बोर्डाची परीक्षाच नसते. नाशिकला हे नवीन नाही, रजनी लिमये यांनी प्रबोधिनी सुरू केली १९७७ साली. अशा शाळांत इयत्तांऐवजी गट असतात: पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली तपासणी यादी वापरतात. तिच्यात प्रत्येक कौशल्यासमोर नोंद करायची: स्वतः करतो, सांगितल्यावर करतो, हात धरून करतो. गटातली ८० टक्के कौशल्यं आली की मूल वरच्या गटात जातं. पहिलीत ढकला, दुसरीत ढकला असलं काही नाही. माझ्या भाच्यानं सिटीलिंकच्या बसची पाटी वाचून स्वतः हात करायला लागायला फार काळ घेतला. तोवर त्या ओळीसमोर ‘सांगितल्यावर’ असंच लिहिलेलं होतं आणि त्याच्या बाईंनी ते एकदाही खोटं बदललं नाही. राज्यातल्या किती शाळांचं प्रगतिपुस्तक इतकं प्रामाणिक असतं?

तिसरा मुद्दा हा मेसेजमधला खरा विषारी भाग, ताईची झोप यानंच उडवली. ‘सुप्रीम कोर्टाने ओपन स्कूलची दहावी रद्द केली.’ साफ खोटं. मग ही अफवा आली कुठून? माझा अंदाज सांगते. २८ नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं एनआयओएसबद्दल, म्हणजे याच ओपन स्कूलच्या राष्ट्रीय संस्थेबद्दल, एक निकाल दिला, तो शिक्षकांच्या १८ महिन्यांच्या डी.एल.एड. पदविकेबद्दल होता. नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी काढलेला तो अभ्यासक्रम दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीचा धरता येणार नाही, एवढाच त्याचा विषय. मुलांच्या दहावी-बारावीशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुणीतरी मथळ्यात ‘एनआयओएस’ वाचलं, ‘नाही’ वाचलं आणि बोट दाबलं.

एनआयओएस ही केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे, १९८९ पासून. तिची दहावी ही दहावीच. पुढे अकरावीला चालते आणि त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयलाही चालते. गंमत म्हणजे हे लिहिणारा बहुधा नाशिकचाच आहे. अरे बाबा, तुझ्या गावात गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आहे, तेही १९८९ चंच. नोकरी सांभाळून तिथून पदवी घेतलेली माणसं तुझ्या प्रत्येक ग्रुपात असतील. त्यांच्या पदव्याही रद्द करून टाकतोस का?

चौथा मुद्दा थोडक्यात. खोटी दिव्यांग प्रमाणपत्रं निघतात, हे खरं आहे. २०२४ सालच्या त्या प्रशिक्षणार्थी आयएएस प्रकरणाच्या बातम्यांनंतर नाही म्हणायची सोयच राहिलेली नाही. त्यासाठी कायद्यात शिक्षा आहे, कलम ९१, दोन वर्षांपर्यंत कैद. होऊ दे की. पण खोटं प्रमाणपत्र काढणारा माणूस आपलं धडधाकट पोर बारा वर्षं विशेष शाळेत पाठवत नाही. त्याला ते फक्त प्रवेशाच्या आणि नोकरीच्या फॉर्मला जोडायचं असतं. त्याच्या पापाचं माप या मुलांच्या पदरात कशाला? जागांचं म्हणाल तर उच्च शिक्षणात ५ टक्के, सरकारी नोकरीत ४ टक्के, तेही सगळ्या प्रकारच्या दिव्यांगांना मिळून. नोकरीतल्या चारातला एकच टक्का स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षम, मानसिक आजार असलेले आणि बहुविकलांग अशा सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

राहिला पाचवा, ‘काढा आणि साध्या शाळेत घाला’. मूल साध्या शाळेत रमत असेल, तिथे विशेष शिक्षक असेल, तर जरूर घाला. कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयापर्यंत, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, हवी ती निवडून मोफत शिकायचा हक्क आहेच. पण ‘कोणी नापास करत नाही’ म्हणून? एक तर ते आता खरं राहिलेलं नाही. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे; नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही नाही जमली तर पुन्हा तोच वर्ग. दुसरं, आठवीपर्यंत शेवटच्या बाकावर बसून आलेल्या मुलाचं नववीत काय होतं? वर १७ नंबरचं सांगितलंच.

त्यापेक्षा एनआयओएसचा हिशेब बघा. पाच विषय, त्यात एखादी तरी भाषा. गणित-विज्ञान घ्यायलाच हवं अशी सक्ती नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय मिळतात. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. पाच वर्षांत नऊ संधी, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो, पुन्हा द्यावा लागत नाही. ज्या मुलाचा एखादा महिना चांगला जातो आणि पुढचा फिट्समध्ये किंवा औषध बदलण्यात जातो, त्याच्यासाठी ही सोय काय आहे ते त्याच्या आईलाच कळतं. ज्यांना तेही जड जाईल त्यांच्यासाठी मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्या आहेत. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्याच्याकडे पाचवी, आठवी, दहावी, बारावी.

हां, एका गोष्टीत सावध राहा. मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्याला कुठल्याच बोर्डाला न बसवता ‘बघू पुढच्या वर्षी’ करत राहणाऱ्या विशेष शाळाही असतात. माझ्या ओळखीच्या एका घरानं ते भोगलंय. म्हणून मूल बारा-तेराचं झालं की शाळेत जाऊन विचारा: याला बोर्डाला बसवणार का, कोणत्या? विषय कोण ठरवणार? रायटर लागेल का, आणि लागणार असेल तर सराव कधीपासून? बसवणार नसाल तर पूर्वव्यावसायिक गटात नेमकं काय शिकवणार, आणि अठरानंतर कोणत्या कार्यशाळेत जागा आहे? उत्तरं लेखी मागा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधीच काढून ठेवा, कारण सवलतीच्या प्रत्येक अर्जाला त्याची प्रत जोडावी लागते आणि सिव्हिलमधली तारीख ऐन वेळी मिळत नाही.