कोळसा वरून जातो, कापूस खाली अडकतो

राजेहो, डोकं फिरलंय म्हणून लिहून राहिलो. आज कापसानं भरलेला पिकअप रेल्वे रुळाखालच्या बोगद्यापाशी अडकला. तोंडावरच आडवा लोखंडी बार. त्याच्या खालून जाईल एवढाच माल भरायचा म्हणे. कापूस म्हणजे काय सिमेंटच्या गोण्या आहेत का थप्पी लावायला? दोर कितीही आवळा, वर ढीग होणारच. ताडपत्री बारात अडकून टर्रकन फाटली. मागं ट्रॅक्टर, दूधवाला, शाळेची गाडी, सगळ्यांचे हॉर्न सुरू. ड्रायव्हर पोरगा म्हणते, "काका, वरचा थोडा काढून ठेवू काय?" कुठं ठेवतं बाप्पा? बोगद्यात गुडघाभर पाणी! पावसाळा जाऊन किती दिवस झाले, या बोगद्यातला काही जात नाही. कापूस त्यात पडला की खरेदी केंद्रावर यंत्र लावायले बसलेच आहेत. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला, की वापस न्या.

पहिले इथं गेट होतं. तासन् तास बंद राहायचं, आम्ही शिव्या द्यायचो, पण कधी ना कधी उघडायचं तरी. हा बार मेला कधीच उघडत नाही.

अन् नेमकी तेव्हाच डोक्यावरून कोळशाची मालगाडी निघाली. खडखड, खडखड, सरळ वीजकेंद्राकडे. तिले ना बार, ना पाणी. मी खाली उभा राहून तिले शिव्या हासडत होतो अन् शिव्या देता देता डबे मोजत होतो, लहानपणची खोड. अठ्ठावन्न. पोरगा म्हणते एकोणसाठ. मग त्याच्यावरूनही आमचं भांडण. मागचे लोक हॉर्न सोडून आम्हालेच पाहून राहिले.

उड्डाणपूल मागायला गेलं की गुणाकार दाखवतात. दिवसाच्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, एक लाख भरले तर रेल्वे अन् राज्य मिळून खर्च वाटून घेणार. आमचा आकडा भरत नाही. कसा भरल? बार पाहूनच निम्मी वाहनं दुसऱ्या रस्त्यानं जातात!

दर डिसेंबरात नागपूरले अधिवेशन. पुरवणी मागण्यांचा, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाच्या मागण्यांचा, गठ्ठा येते, तो पैसा काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक गोंधळात मंजूर होते, कोणी वाचते की नाही देव जाणे. रेल्वेतला राज्याचा वाटा याच कागदांतून निघते. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे घ्या. २८४ किलोमीटर, ४० टक्के राज्याचे, २००८-०९ च्या बजेटातली लाइन. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी कळंबपर्यंत पोचली. कळंब! वर्ध्याहून निघालं की झोप लागायच्या आत येते ते. इकडं समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर, ५५ हजार कोटी, झाला ना पुरा? पैसा नाही असं कोणी म्हणू नका. पैसा आहे, फक्त आमच्या गावावरून जाताना तो खाली उतरत नाही.

शकुंतला रेल्वेचं तर नावच काढू नका. इंग्रजांच्या कंपनीनं आमचा कापूस न्यायले यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी छोटी लाइन टाकली होती. लुटायलेच टाकली, मान्य. पण कापूस वॅगनीत मावत होता! आता तिच्या रुळांत बाभळी उगवल्या, अन् आपण ब्रॉडगेजची, म्हणजे मोठ्या लाइनीची, घोषणा दर निवडणुकीत ऐकतो.

अन् खाली कमेंटीत येऊन कोणी "गाडी जरा कमी भरायची ना" असं लिहू नका. कमी भरली की दोन खेपा, दोन खेपांचं दुप्पट भाडं. ते कोणत्या पुरवणी मागणीत धरलं, ते पहिले सांगा, मग मले शिकवा.