मागं ठेवलं की मूल घडतं म्हणे!

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. पोरगा पाचवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात गेलाय. शाळेनं फेरपरीक्षेची तारीख दिलीय आणि ही म्हणते, "ताई, नाही बसवत त्याला. राहू दे एक वर्ष मागं. ग्रुपवरचा मेसेज वाचला नाहीस का?"

वाचला होता. माहेरच्या ग्रुपवर मामांनी टाकलेला, ‘एका निवृत्त मुख्याध्यापकाची तळमळ’: फेरपरीक्षा नको, मुलाला मागंच ठेवा. मुख्याध्यापकांचं नाव नाही, गाव नाही, नुसतीच तळमळ. तीनदा येऊन गेला तरी गप्प होते. आता भाच्याच्या वर्षावर बेतलंय. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 19 वर्षं काढलीत, तेव्हा बोलणारच.

‘आठवीपर्यंत परीक्षाच नाहीत.’ साफ खोटं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नं मुलाला मागं ठेवायला बंदी केली होती, परीक्षेला नाही. कलम 29 तर सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करा असंच सांगतं. आपल्याकडे 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं त्याची वाटणी करून दिली: पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर तोंडी, प्रकल्प, स्वाध्यायातून होणारं) 70 आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) 30, सातवी-आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60. पुढं 2019 मध्ये कायदा दुरुस्त होऊन पाचवी-आठवीला मागं ठेवायची मुभा राज्यांना मिळाली आणि 2023-24 पासून महाराष्ट्रात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. परीक्षाच नसतील तर आमचा भाचा नापास कशात झाला?

‘तोंडी आणि प्रकल्प म्हणजे गुणांची खिरापत.’ इथं थोडं ऐकून घ्यावं लागतं. स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प येतात, वर्णनात्मक नोंदी एकाच्या खाली एक उतरवल्या जातात. मी पाहिलंय, आणि निवडणुकीच्या कामातून परतल्यावर एका वर्षी मीही केलंय. पण गंमत बघा. मेसेजवाल्यांनी आपल्या म्हणण्याला ‘असर’ या देशभरातल्या शैक्षणिक पाहणीच्या अहवालाचा आधार घेतलाय. 2022 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त 42.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, हे खरंच आहे. हा आकडा आला कुठून? घरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून, मोठ्यानं वाचायला लावून. म्हणजे तोंडी परीक्षेतून! वर्गात बाईंनी घेतली की खिरापत, आणि अहवालात छापून आली की पुरावा.

दिव्यांग मुलांना जादा वेळ म्हणजे लाड, असंही एक वाक्य त्यात आहे. दहावीच्या बोर्ड परीक्षेतही तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. पुढं.

आता बहिणीला भुलवणारं वाक्य: ‘फेरपरीक्षा म्हणजे भीक. एक वर्ष मागं ठेवा, मूल आपोआप घडतं.’ आपोआप? त्याच वर्गात, त्याच पुस्तकातून, लहान पोरांत मान खाली घालून बसल्यानं न आलेलं गणित कसं येतं, ते कुणी सांगत नाही. कायदा निदान क्रम तरी सांगतो: आधी जादा मार्गदर्शन, मग निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तरच मागं ठेवायचा प्रश्न. मामांचा मेसेज पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारतो. (मामा स्वतः मॅट्रिक ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत सुटले. तेव्हा त्याला कुणी भीक म्हटलं नव्हतं.)

माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीच्या सुमाराला आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाले की परततात. एका वर्षी असाच एक मुलगा आला आणि भागाकाराचा पेपर कोरा देऊन गेला. जवळ बसवून विचारलं, तुमच्या कोयत्यानं, म्हणजे आईबापाच्या जोडीनं, मुकादमाकडून आगाऊ उचल किती घेतली, टनाला दर किती, मग उचल फिटायला किती टन तोडावा लागेल? त्यानं खडे मांडले, पुटपुटला आणि उत्तर दिलं. बाकी किती उरते तेही सांगितलं. भागाकार इतरांना होता तोच, सोपा केला नव्हता. तेच कागदावर मांडायला त्याला आठ दिवस लागले, मग मी पेपर पुन्हा घेतला आणि नवे गुण लावले. बाकीच्यांवर अन्याय झाला म्हणता? ज्यांना आधीच येत होतं त्यांचा एकही गुण मी कापला नाही. कोऱ्या कागदावर शून्य देऊन मोकळी झाले असते, तर मी मोजलं काय असतं? त्याची गैरहजेरी.

तेव्हा मामा, त्या मुख्याध्यापकांचं नाव तेवढं कळवा, मला त्यांच्याशी बोलायचंय. आणि तू, पोराला रविवारी इकडं पाठव. त्याचा पेपर पाहिलाय मी. भागाकार चांगला येतो, अडलंय ते अपूर्णांकांत. फेरपरीक्षेला अजून सतरा दिवस आहेत.