टोमॅटो बंद, दूध बंद आणि पाणीही बंद

आज पुन्हा तोच फॉरवर्ड. 'मुतखडा असेल तर हे पदार्थ चुकूनही खाऊ नका.' टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी, पेरू, दूध, दही. ज्यात बी दिसली ते सगळं यादीत. ज्याने कोणी ही लिहिली त्याला एक दिवस ओपीडीत आणून बसवा रे.

कारण याच यादीची झेरॉक्स पर्समध्ये घडी घालून ठेवलेल्या एक ताई आज आल्या होत्या. साडीच्या दुकानात कामाला. पहिला खडा निघाल्यापासून टोमॅटोची फोड तोंडात नाही, चहासुद्धा कोरा. आणि सोनोग्राफीत नवा खडा, 7 मिमी. इतकं कडक पथ्य पाळणारं माणूस शोधून सापडणार नाही. पथ्यच चुकीचं, त्याला त्या काय करणार?

अहो, टोमॅटोच्या बियांचे खडे होत नाहीत! बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट म्हणजे काही भाज्या-दाण्यांत असणारं द्रव्य, लघवीत ते कॅल्शियमला चिकटलं की खडा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. दूध-दही सोडलं की ते ऑक्झलेट रक्तात आणि तिथून थेट लघवीत. दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवंच. दोन कप दूध-दह्यातून साधारण 600 मिळतं, तेही जेवणासोबत घ्या. कमी करायचं तर पालक, बीट, मूठमूठ बदाम आणि अळू. अळूने घसा खाजतो तो ऑक्झलेटच्या सुयांनीच. तरी कधीमधी फदफदं खाल्लं तर आभाळ कोसळत नाही. पानं उकडून पाणी फेका, सोबत वाटीभर दही घ्या.

मिठाबद्दल मात्र यादीत एक अक्षर नाही. किडनी जास्तीचं सोडियम बाहेर टाकते तेव्हा सोबत कॅल्शियमही लघवीत सोडते. दिवसाला सपाट एक चमचा, 5 ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. ताईंच्या डब्यात काय होतं? पोळी, ठेचा आणि पापड. भाज्या यादीने आधीच काढून घेतल्या होत्या.

आता पाणी. 24 तासांत अडीच लिटर लघवी व्हायला हवी. लघवी म्हणतेय मी, प्यायचं पाणी नव्हे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात निम्मं घामातच जातं, तेव्हा तीन लिटर पिऊनही भागत नाही. मोजायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळची पहिली लघवी सोडून द्या, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी मापाच्या जगमध्ये धरा. झोपताना एक ग्लास, रात्री उठलात तर अर्धा. लघवी सर्वांत घट्ट होते ती रात्रीच. दिवसभरात दोन लिंबं पाण्यात पिळा, त्यातून खडा धरू न देणारं सायट्रेट मिळतं. पण मीठ घालून सरबत केलंत तर कमावलेलं गमावलंत.

ताई म्हणाल्या, "मॅडम, सकाळी दहा ते रात्री साडेआठ पाणी पीतच नाही." दुकानात संडास नाही. मागच्या कॉम्प्लेक्समध्ये एक आहे, त्याला कुलूप, किल्ली गल्ल्यावर. मागितली की शेठ सगळ्यांसमोर म्हणतात, "आत्ताच तर जाऊन आलीस ना?" आता सांगा, पेशंट ऐकत नाहीत म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनो, या बाईने अडीच लिटर कुठे करायची?

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये दुकानवाले आहेत, शाळेचे ट्रस्टी आहेत. किल्ली खिळ्याला अडकवून ठेवा, एवढंच. पाण्याचा जार ठेवून पुण्य मिळवता, मग पुढचंही बघा की!

हो, ज्यांची किडनी किंवा हृदय कमजोर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावं. आणि कुळथाचं कढण प्यायचं तर प्या, तेवढंच पाणी पोटात जातं. खडा पडावा म्हणून पानफुटीची पानं खाणाऱ्यांशी मी भांडत नाही. 4 मिमीचा खडा बहुधा आपला आपणच पडतो आणि श्रेय पानाला जातं. 'बिअर प्या, खडा पडेल' म्हणणाऱ्यांनी मात्र कॉमेंटमध्ये येऊ नये.

ताईंना आज एवढंच सांगितलं की ती झेरॉक्स फाडा, टोमॅटो घालून वरण करा, दुधाचा चहा घ्या. दुकानाच्या नावे 'दर दोन तासांनी लघवीस जाणे आवश्यक' असं लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून दिलंय.

आणि ज्यांचा खडा पडेल त्यांनी तो फेकू नका. गाळणीतून लघवी करा, खडा धुऊन, वाळवून डबीत घेऊन या. कशाचा आहे ते कळलं की पथ्य नेमकं सांगता येतं.