बाउलमधला मासा संकट अंगावर घेत नसतो

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, एका जुन्या मित्राकडून आणि शेवटी धाकट्या बहिणीकडून. तिनं खाली लिहिलं होतं, "दादा, हे खरंय का? लेकरू मागं लागलंय."

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: लहान घरात मोठी टाकी कशाला, काचेचा बाउल किंवा एक फुटी टाकी पुरते. गोल्डफिश भांड्याएवढाच वाढतो. फायटर डबक्यातला मासा, पेलाभर पाण्यात राहतो. दोन दिवसांनी सगळं पाणी फेकायचं, खडे धुवायचे, आरओचं पाणी भरायचं. मग फिल्टर लागत नाही आणि पाणीही वाचतं. गप्पी बारीक असतात, वीस-पंचवीस सोडा. एक सकर टाकला की काच आपोआप साफ. आणि वास्तूसाठी नऊ गोल्डफिश ठेवा, आठ सोनेरी, एक काळा. त्यातला एखादा मेला तर घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं असं समजा.

मी लातुरात बरीच वर्षं मासे पाळतोय. बहिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कारण असल्या सल्ल्यानं दर उन्हाळ्यात मुके जीव हकनाक मरतात.

आधी गोल्डफिश. बाउलमध्ये त्याची वाढ खुंटते हे खरं. पण तो जागेशी जुळवून घेतो म्हणून नाही, स्वतःच्याच घाणीत राहून खुंटतो. दुकानातून आपण दोन इंचाचं आणतो ते पिल्लू असतं. साधा लांबट गोल्डफिश नीट सांभाळला तर २५-३० सेंटिमीटर होतो, गोल पोटाच्या शोभिवंत जातीही १५-२० पर्यंत जातात. दहा-पंधरा वर्षं जगणारा मासा आहे हा. आपल्याकडं सहा महिने काढले की लोक म्हणतात, चांगला टिकला. शिवाय तो थंड पाण्याचा मासा, १८ ते २२ अंशांत खुशीत असतो. लातूर, परभणी, नांदेडच्या मे महिन्यात खोलीतलं पाणीच तिशीच्या वर जातं.

मागच्या मे महिन्यात शेजारी गेलो होतो. टीव्हीच्या बाजूला बाउल, चारेक लिटर पाणी, त्यात दोन गोल्डफिश. दोघंही वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. शेजारीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा कसे खाणं मागतात." मी वाकून पाहिलं. कल्ल्यांच्या कडा लालभडक, शेपट्या गळलेल्या, कल्ल्यांची हालचाल धापा टाकल्यासारखी. थर्मामीटर घातला तर ३३. घरून अमोनियाचं टेस्ट किट आणून थेंब टाकले. पिवळा राहायला हवा तो रंग गडद हिरवा झाला. ते मासे खाणं मागत नव्हते, श्वास मागत होते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसात. त्यात बाउल गळ्यापर्यंत भरलेला असला की हवेला भिडणारा पृष्ठभाग बशीएवढाच उरतो.

आता अमोनियाचं सांगतो, कारण मराठवाड्यात सगळी गोम तिथंच आहे. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया टाकत असतो. उरलेलं खाणं सडलं की त्यात भर पडते. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं जहरी. पाणी जितकं गरम आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) जितका जास्त, तितका जहरी वाटा वाढतो. २५ अंश आणि पीएच ७ असेल तर तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. ३० अंश आणि पीएच ८ असेल तर सात टक्क्यांच्या वर. आपलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं. ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, त्याचा पीएच सहसा ७ च्या वरच असतो. म्हणजे दुसरीकडं कुणाच्या तरी थंड, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात निभावलेली घाण आपल्याकडं दहा-बारा पट जहरी ठरू शकते.

यावर इलाज पाणी फेकणं नाही, जिवाणू आहे. स्पंज फिल्टरवर आणि खड्यांवर उपयोगी जिवाणूंचा थर वाढतो. तो अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानानं पुष्कळच कमी घातक. हा थर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मेसेज सांगतो तसे दर दोन दिवसांनी खडे घासून धुतले की थर गेला, पुन्हा पहिल्यापासून. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हातानं पिळा, नळाखाली नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, गावाकडं विहिरीत नाहीतर टाकीत टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर पडलेली असते. तो जिवाणूही मारतो आणि कल्लेही जाळतो. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी दिवसभर उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा.

आणि पाणी वाचतं म्हणे! टंचाई आम्हाला शिकवायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून हिशेबच मांडतो. चार लिटरचा बाउल दिवसाआड रिकामा केला तर महिन्याला ६० लिटर. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ४० लिटर धरा. आठवड्याला पाव पाणी बदललं तर महिन्याला ४० लिटर. तेही मोरीत जात नाही. नायट्रेटचं ते पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला खतासारखं लागू पडतं.

आरओच्या जारबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. आपल्याला पचतं ते माशाला उत्तम, असं वाटतं. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळं पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो एकाएकी घसरतो. बोअरच्या पाण्यातला मासा उचलून एकदम त्यात टाकणं म्हणजे त्याला धक्काच. पण जारचं पाणी एका कामाला अगदी योग्य आहे. उन्हाळ्यात टाकीचं पाणी आटतं तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागं राहतात. ती घट बोअरच्या पाण्यानं भरत राहिलं तर पाणी जड होत जातं. तिथं आरओ वापरा.

फायटरचं. तो थायलंडच्या भातखाचरांतला आणि दलदलीतला मासा. तिथं पाणी उथळ असतं पण पसरलेलं, पेलाभर नाही. वर येऊन हवा घेणारं वेगळं इंद्रिय त्याला आहे, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तो तग धरतो. अमोनियापासून मात्र ते इंद्रिय त्याला वाचवत नाही. पेल्यात तो जगत नाही, मरायला वेळ घेतो. तरीही खरोखर लहान टाकीच ठेवायची असेल तर माझं पहिलं मत फायटरलाच: एकच नर, निदान १५-२० लिटर, संथ स्पंज फिल्टर, वर झाकण (हा उडी मारतो) आणि झाकणाखाली हवेसाठी दोन बोटं मोकळी जागा. दुसरा नर कदापि नको.

गप्पी आपल्या पाण्याला मानवतात, त्यांना जड पाणीच आवडतं. हिवतापाच्या कामासाठी आरोग्य खातं विहिरी-हौदांत सोडतं तेच हे मासे, दुकानातले फक्त रंगीत. पण नर-मादी मिळून वीस-पंचवीस? मादी महिन्याला वीस ते पन्नास पिलं घालू शकते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढं काही महिने नराशिवायही विते. दिवाळीला वीस सोडलेत तर संक्रांतीला मोजता येणार नाहीत. म्हणून फक्त नर घ्या, ४० लिटरमध्ये सहा-आठ. निऑन टेट्रा दिसायला मोहक, पण तो मऊ, आम्लधर्मी पाण्यातला, थव्यात राहणारा. बोअरच्या पाण्यावर त्याचा हट्ट धरू नका. एंजल मासाही नको, तो उंच वाढतो.

सकर काच चाटतो, पण विष्ठाही तितकीच टाकतो, आणि फुटाच्या वर वाढतो. मग लोक तो तळ्यात नाहीतर नदीत सोडून देतात. देशात अनेक ठिकाणी त्यानं मासेमारांची जाळी फाडलीत. गोदावरीत कृपा करून सोडू नका. काच पुसायला जुना स्पंज पुरतो.

राहिला नऊ माशांचा मुद्दा. कुणाच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाही. माझी आईही ईशान्येलाच टाकी ठेव म्हणायची, मी ठेवली. पण मेलेल्या माशानं संकट घेतलं, या समजुतीचा मला मनापासून त्रास होतो, कारण ती प्रश्नच विचारू देत नाही. मासा मेला, हात जोडले, दुसरा आणला, तोही गेला. पाणी कुणी तपासलंच नाही. एक फुटी टाकीत २८ लिटरसुद्धा मावत नाहीत, आणि मोठ्या गोल्डफिशला एकट्याला दोन फुटी टाकीही अपुरी पडते. तिथं नऊ कोंबले तर ते मरणारच. घरावरचं कुठलं संकट त्यांच्यावर आलेलं नसतं, आपणच आणलेलं असतं.

बहिणीनं बाउलचा बेत सोडला आणि दीड फुटी टाकी घेतली. माझ्या टाकीतला मुरलेला स्पंज तिला दिलाय. भाचा रोज चिमूटभर खाणं रिकाम्या टाकीत टाकतो, त्यावर जिवाणू पोसले जातात. तिसरा आठवडा चालू आहे. काल रात्री त्यानं फोटो पाठवला, अमोनियाची नळी पिवळीधमक. रविवारी आम्ही सहा नर गप्पी आणायला जाणार आहोत. नर ओळखायचा कसा ते त्याला पाठ झालंय: पोटाखालचा मागचा पर मादीचा पंख्यासारखा असतो, नराचा काडीसारखा टोकदार.