आत्याच्या गोळ्या आणि दादाचा फॉरवर्ड

गेल्या रविवारी सकाळी दादाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तीन लाल त्रिकोण, खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’, आणि मथळा : ‘काउन्सेलिंग म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा!’ पुढे सहा मुद्दे. मी चौदा वर्षं हेच काम करते आणि असल्या मेसेजच्या वाटेला सहसा जात नाही. पण गुरुवारी कळलं की तो वाचून साताऱ्याच्या आत्याने समुपदेशनाची तिसरी वेळ रद्द केली आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही थांबवल्या. मग मात्र राहवलं नाही.

आत्या माझ्याकडे येत नाही, हे आधीच सांगते. नात्यातल्या माणसाचं समुपदेशन करायचं नसतं. ती तिथल्याच एका बाईंकडे जाते. आणि हे सगळं तिला विचारूनच लिहितेय.

सुरुवात सहाव्या मुद्द्यापासून करते, कारण बाकीचे नुसते मूर्खपणाचे आहेत, हा धोक्याचा आहे. ‘डिप्रेशन म्हणजे मनाचा कमकुवतपणा. गोळ्या एकदा सुरू झाल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत. आजच बंद करा, नामस्मरण करा, २१ दिवसांत फरक पाहा.’

आत्याने सोमवारी गोळी बंद केली. गुरुवारी ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. चक्कर, मळमळ, रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं. तिला वाटलं, मेसेज खरा होता, आपल्याला व्यसनच लागलंय. अगं, हे व्यसन नव्हे! नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या एकदम तोडल्या की शरीर असं कुरकुरतं. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू, काही आठवडे किंवा काही महिने घेऊन कमी करतात. किती आणि कधी, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतो. आम्हा समुपदेशकांना गोळी लिहून देता येत नाही, तशी बंदही करता येत नाही. मग सहा मुद्दे लिहिणाऱ्या अनामिक विद्वानाला हा अधिकार कुणी दिला?

यात अर्धं खरं आहे, तेही नाइलाजाने मान्य करते. तोच जुना कागद मेडिकलवाल्याला दाखवून वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यावर उपाय डॉक्टरांकडे परत जाणं हा आहे, रविवारी मेसेज वाचून सोमवारी पाकीट केराच्या डब्यात टाकणं हा नाही.

आणि नामस्मरण. इथे मला खरं तर हसू आलं. आत्या वीसेक वर्षं दर गुरुवारी देवळात बायकांबरोबर विष्णुसहस्रनाम म्हणायची. आतोबा गेले आणि तिने जाणं सोडलं. कुणी काही बोललं नव्हतं, हिलाच वाटलं की आता आपण पुढे बसू नये. दुसऱ्या भेटीत त्या बाईंनी तिच्याबरोबर आठवड्याचं वेळापत्रक मांडलं. पूर्वी कशाने बरं वाटायचं, त्यातलं काय सुटलं, परत धरायचं तर सोपं काय. आत्या म्हणाली, देऊळ. ठरलं की पहिल्या गुरुवारी फक्त चप्पल काढून मागच्या खांबाशी बसायचं, म्हटलं नाही तरी चालेल. म्हणजे मेसेजवाले जे नामस्मरण काउन्सेलिंगच्या विरोधात उभं करतात, तिकडे आत्याला परत नेत होतं ते काउन्सेलिंगच!

आता चौथा मुद्दा, जो मला स्वतःला झोंबला. ‘हल्ली इंटिग्रेटिव्ह नावाचं फॅड आलंय. थोडं हे, थोडं ते. एकही पद्धत धड येत नाही म्हणून मिसळ.’ मी स्वतःला इंटिग्रेटिव्हच म्हणवते, मराठीत एकात्मिक, म्हणजे समोरच्या माणसाच्या गरजेप्रमाणे वेगवेगळ्या उपचारपद्धती जोडून वापरणारी. दोन दिवसांच्या चार कार्यशाळा करून खरोखरच मिसळ विकणारे आहेत, आणि ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला प्रत्यक्षात आजही फारसं कुणी अडवत नाही. म्हणून शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे बेधडक विचारावं. त्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नये.

पण आत्याच्या दोन भेटींतच पाहा. पहिल्या भेटीत त्या बाई जवळजवळ बोलल्याच नाहीत, तिला मनसोक्त रडू दिलं. न जोखता ऐकणं हेसुद्धा उपचारातलं काम आहे, हा आग्रह अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा. दुसऱ्या भेटीतलं वेळापत्रक वर्तनोपचारातलं, म्हणजे आधी वागणं बदलून मन सावरायच्या पद्धतीतलं. ‘मी आधी लक्ष दिलं असतं तर हे वाचले असते’ या तिच्या विचाराची उलटतपासणी पुढे कधी झाली, तर ती विचार तपासून बदलायची उपचारपद्धत घडवणाऱ्या ॲरन बेक यांच्या वाटेने होईल. आज या माणसाला काय पेलेल, हे ठरवून क्रम लावायचा असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचाराला लागणाऱ्या तीन गोष्टी मांडल्या : कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि दोघांमधला विश्वास. पद्धत कोणतीही असो, या तिन्हींवाचून गाडी हलत नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत तर नाहीच, कारण ती काही आईने बोट धरून आणलेली नसतात.

‘गप्पांनी आजार बरा होत नाही’ आणि ‘चाळिशीनंतर माणूस बदलत नाही’ या दोन मुद्द्यांना एकच उत्तर पुरे, तेही शेजारच्या गोव्यातलं. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेतल्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, १८ ते ६५ वयाची, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेली ४९५ माणसं. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटींचं समुपदेशन. तीन महिन्यांनी नुसत्या उपचारांच्या गटात ३९ टक्के माणसं नैराश्यातून बाहेर आली होती, समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के. भर त्याच गोष्टीवर होता : सुटलेल्या कामांकडे, माणसांकडे पायरीपायरीने परत जाणं. ती पद्धत एकात्मिक नव्हती, एकच ठरावीक होती, म्हणून माझी पाठ मी यावर थोपटून घेणार नाही. शिवाय समुपदेशन करणारी माणसं स्थानिक होती, मानसिक आरोग्याचं आधीचं शिक्षण नसलेली, पण नीट तयार केलेली. माझ्यासारख्या पदवीवालीला हे जरा लागतंच. पण ‘गप्पा’ म्हणून उडवून लावायची सोय त्यात उरत नाही. आत्या ६१ वर्षांची आहे.

‘मित्र फुकट ऐकतो.’ ऐकतो, आणि संध्याकाळपर्यंत कट्ट्याला कळतं. मित्र असावेतच. पण ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारायला मित्राची जीभ रेटत नाही. विचारलं तर डोक्यात भरेल, अशी भीती असते. तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. आणि पैसेच नसतील, तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे.

‘आपल्या आजी-आजोबांना काउन्सेलर लागला नाही.’ दादा, आजोळच्या वाड्यामागची विहीर आठवते? तिचं पाणी का शेंदत नसत, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. मोठेपणी कळलं.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. दादाने अंगठा दाखवला, म्हणजे वाचलेलं नाही. रात्री आत्याचा फोन आला. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं आणि गोळी पुन्हा सुरू झाली होती. मग जरा थांबून म्हणाली, “त्या बाई रागावल्या असतील का गं? तूच एकदा बोलून बघ ना.”

“मी नाही बोलणार,” म्हटलं. “नंबर तुझ्याकडे आहे.”